झेबीची शीळ

या, चहाचा वाडगा घेऊन जरा जवळ सरका. उझबेकिस्तानातल्या मर्गिलान गावच्या एका गच्चीवरची गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा मन भरलेलं असेल.

हाशिम आजोबांनी दोन बोटं ओठांत घालून जोरात फुंकलं. नुसती हवा बाहेर आली. नव्या कवळीने जेवता येत होतं. शीळ मात्र दातांबरोबरच गेली होती. वर त्यांची कबुतरं कोलांट्या घेत लांब लांब चालली होती.

गच्चीच्या कडेला नात बसली होती, झेबी. मुलाने तिला रशियातून सुट्टीपुरतं पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी गल्लीतल्या पोरांनी तिच्या उझबेक बोलण्याची नक्कल केली, तेव्हापासून तिने तोंडच मिटलं. आजोबांशीही मानेनेच हो-नाही. सुट्टी संपत आली होती. पोर अशीच मुकी परत गेली तर पुन्हा यायची नाही, ही टोचणी म्हाताऱ्याला लागली होती.

त्यांनी पुन्हा फुंकलं. या खेपेला कवळीच पुढे आली. झेबी फिस्सकन हसली.

"हसतेस? मग तूच बोलाव त्यांना." आजोबांनी तिची बोटं हळूच वाकवून तिच्या ओठांशी नेली.

आधी थुंकी उडाली. मग अशी लांबलचक शीळ निघाली की अंगणात आजीच्या हातची पळी थबकली.

"अगंबाई! मुलीच्या जातीने शीळ? घरातली बरकत उडून जाईल!"

"उडू दे! ही पोर तिलाही खाली उतरवेल!"

थवा वळला, गिरक्या घेत उतरू लागला. त्यात एक पाहुणा होता: शेजारच्या सोबिरचा पांढरा नर. आजोबांनी दाणे टाकले आणि श्वास रोखला. झेबीने शीळ बारीक केली, लाडीगोडीची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाखरू तिच्या पायाशी आलं. तिने अलगद उचललं.

थोड्याच वेळात सोबिर शिडीवर उगवला.

"काय रे हाशिम, पुन्हा दात फुटले की काय? दे माझं पाखरू."

परकं कबूतर ज्याने उतरवलं त्याचं झालं. मागायचं ते त्याच्याकडेच, असा तिथला रिवाज. आजोबा बाजूला सरकले.

"मला काय विचारतोस? मालकीण ती बघ."

सोबिरने टोपी सारखी केली आणि पोरीपुढे छातीवर हात ठेवला. "उस्ताद, मेहेरबानी करा."

झेबीने आजोबांकडे पाहिलं. ते मुद्दाम आभाळाकडे बघत होते.

"न्या," ती अडखळत उझबेकमध्ये म्हणाली. "उद्या... परत उतरवीन."

सोबिर खो खो हसला, पण नक्कल करून नव्हे.

संध्याकाळी हाशिम आजोबा चहाखान्यात शिरले, तसा सोबिरच आतून ओरडला, "सरका रे, झेबीचे आजोबा आलेत!"

जन्मभर 'कबूतरवाला हाशिम' म्हणून मिरवलेला तो माणूस टोपी किंचित तिरकी करून ऐटीत बसला.

आता ते अल्लाच्या घरी आहेत. दुवेला हात उचलाल तेव्हा त्यांची आठवण ठेवा, आणि नाव घ्याल ते हेच घ्या: झेबीचे आजोबा.