एक चूल, बत्तीस माणसं

सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी सौंसरच्या घरी मी दुपारचा आडवा पडलो होतो. झोप नव्हतीच. दोन महिने नेपाळच्या डोंगरात भूकंपग्रस्तांना ब्लँकेटं, तांदूळ, ताडपत्र्या वाटून आलेला माणूस नुसतं अंग टाकतो. तेवढ्यात तिथल्या ऑफिसातून मायाचा फोन आला. ती आमच्या टीमची प्रमुख.

तिचं म्हणणं, सगळ्यात वरच्या वस्तीत मी केलेल्या यादीप्रमाणे एकच कुटुंब आहे, बत्तीस माणसांचं. वस्तीवरून निरोप आलाय की कुटुंबं सात आहेत. एका कुटुंबाला एक ताडपत्री हा नियम. यादीवर ज्याची सही, त्यानंच वर जाऊन ती दुरुस्त करायची, हाही नियम. आणि वर बर्फ पडायला लागलंय. शनिवारपर्यंत मी पोचलो तर उरलेल्या सहा ताडपत्र्या वर जातील, नाहीतर रस्ता बंद. नियम करणारे कधी चढण चढत नाहीत, असं माझं मत आहे. ते कोणी विचारत नाही.

"बघतो," म्हणून मी फोन ठेवला. पायाचे फोड अजून भरले नव्हते. खरं सांगायचं तर, मला जायचं नव्हतं.

माझी माय शेजारीच तूर निवडत बसली होती. "काय झालं रे हेमराज?"

सगळं सांगितलं आणि वर तणतणलो, "माही काय चूक आहे? घरं पडून गेली होती, दारं नव्हती. मोजाचं काय? मंग मी चुली मोजल्या. आपल्याकडं भाऊ वेगळे झाले का चूल वेगळी होते. तिथं भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी एकच चूल पेटून राहिली होती. बत्तीस जण तिथंच जेवून राहिले होते. एका म्हातारीनं मलेबी ताट वाढलं."

मायचा हात सुपात थांबला.

"बाकीच्या सहा घरी मयत झाली असंन."

"काय?"

"मयताच्या घरी चूल पेटवतेत काय? तुहा बाप गेला तवा शेजारची प्रेमलता दोन्ही टाइम भाकरी आणून देत होती. मंग आपण का तिच्या घरचे झालो होतो?"

त्या भाकरी मी खाल्ल्या होत्या.

ऑफिसात मायाला परत फोन लावून विचारलं. खरं होतं. सहा घरांत मिळून नऊ माणसं गेली होती. त्या म्हातारीच्याच घरी सुतक नव्हतं, म्हणून तीच सगळ्यांना रांधून घालत होती. मी तिथं जेवलो, अंगठे घेतले आणि उतरलो. किती जण खातात, एवढंच विचारलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या निघतो," मी मायला म्हटलं. "दहा दिवस राहीन म्हटलं होतं तुले."

"उद्या कायले? संध्याकाळची नागपूरची गाडी हाये ना." ती गुडघ्यावर हात देऊन उठली. माझे वाळत घातलेले कपडे काढून आणले आणि घड्या करता करता म्हणाली, "अन् ऐक. गेल्या गेल्या कागद नको काढू. आधी मयताच्या सहाही घरी बसाले जाय."