भाजलेलं बी

बाईजाची सून आली ती थेट कर्नाटकातल्या सकलेशपूरहून, पितळी फिल्टर आणि एक भलामोठा डबा घेऊन. टेलिफोनच्या केबली टाकायला बाईजाचा मुलगा प्रशांत दोन वर्षं तिकडे होता; केबली जमिनीत गेल्या आणि पौर्णिमा मुरबाडात आली. डब्यात तिच्या बापाच्या घरामागल्या एकाच उतारावरची कॉफी होती, दुसऱ्या कुठल्या मळ्याचा एक दाणा मिसळलेला नाही.

बाईजाला माणसं जोखायची सवय. आठवड्याभरात तिने सुनेचं माप काढलं. दिवसभर 'हो' आणि 'नाय', बस. दुपारी चारला मात्र खलबत्त्यात दाणे कुटून ती कॉफी करी, आणि कप हातात असेतो बोले. बापाबद्दल, हत्तींबद्दल, अर्धं मराठीत, अर्धं हातवाऱ्यांनी. कप रिकामा झाला की कुलूप. डबा संपला की ही पोर माहेरी जाईल आणि परत यायची नाय, असं बाईजाच्या मनाने घेतलं. सासरा दामूने बाजारातून आणलेली कॉफीची बाटली सुनेने दोन्ही हातांनी घेतली आणि फळीवर ठेवली. ती तिथेच राहिली.

मार्चात नवराबायको चार दिवस कल्याणला लग्नाला गेली. बाईजाने डबा उघडून पाहिला. निम्म्याच्या खाली. काळं तुकतुकीत बी, आणि वास घरभर. एवढा वास येतो म्हणजे बी ओलसर राहिलंय, असं बी पावसाळा काढत नाय. भाताचं बियाणं बाईजाने कधी किडू दिलं नव्हतं. अर्धं गाव तिला विचारून बी भरायचं. तिने दोन दिवस कडक ऊन दाखवलं, राख चोळली, निंबाचा पाला घालून मडक्यात भरलं आणि शेणमातीने तोंड लिंपून टाकलं.

सून परतल्यावर बाईजाने मोठ्या कौतुकाने मडकं फोडून दाखवलं. पौर्णिमाने मूठभर दाणे धुतले, पुसले, कुटले. कॉफी प्यायली, छान झालीय म्हणाली, आणि कप विसळून भांडी घासायला बसली. पुढे शब्द नाही.

प्रवासाने दमली असेल, असं दामूने सुचवलं. बाईजाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला गोठ्यातलं काम आठवलं. फिल्टरात उरलेला घोट तिने जिभेवर घेतला. निव्वळ राखेचं पाणी.

"खोटं कशाला बोललीस गो?"

"तुम्ही एवढं केलं, आई."

"माझं सोड. बिघडलं कशानं ते सांग."

मग एकेक कळत गेलं. दाणे भाजलेले होते. भाजल्यावर त्यांना ऊन नको, वारा नको. घट्ट डब्यात, अंधारात ठेवायचे, तरी चांगले राहतात ते थोडेच दिवस. आणि तो वास म्हणजे ओल नव्हती, कॉफीचा जीवच तो. दोन दिवसांच्या उन्हात तो उडून गेला.

बाईजाने मडक्यातले दाणे मुठीत घेऊन पाहिले. गावाला बी राखायला शिकवणारी बाई भाजलेलं बी राखत बसली होती. मग तिने विचारलं, "तुझा बाप कच्चं ठेवतो कसं?"

"गोणीत. हिरवंच असतं. वर्षभर राहतं."

"मग इतके दिवस गप का? लिही त्याला, हिरवं पाठव म्हणावं. राखायचं माझ्यावर सोड."

पार्सल मे महिन्यात आलं. या खेपेला राख नाही, निंब नाही. कॉफी दुसऱ्याचा वास धरते, हे सुनेने आधीच बजावलं होतं. कोरड्या मडक्यात दाणे भरून बाईजाने आठवड्यापुरते बाहेर काढले आणि नाचणी भाजायच्या कढईत टाकले. पहिला घाणा करपला. दुसऱ्याला पौर्णिमा चुलीशी उकिडवी बसली, कान कढईकडे लावून. दाणे तडतडू लागले. बाईजा ढवळतच राहिली.

"आई, उतरवा."

"थांब गो, अजून रंग..."

"मी सांगते ना. उतरवा आता."

दामूने दारातून मान आत घातली. या घरात बाईजाला असं कुणी सांगितलेलं त्याने ऐकलं नव्हतं. बाईजाने मुकाट्याने कढई खाली घेतली आणि सूप सुनेपुढे सरकवलं. पौर्णिमा पाखडून फोलपटं उडवत होती आणि सासूला सुनावत होती: जाळ कमी ठेवायचा, हात थांबवायचा नाही, आणि आज लगेच प्यायची नाही, उद्यापर्यंत दाणे तसेच राहू द्यायचे.

"बरं," बाईजा म्हणाली. "आणखी काय?"