शिवणखान्याची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, पण चंद्र-तारे पाहायच्या कामाची नाही. पितळेच्या दोन आखूड नळ्या, त्यांवर काळं चामडं आणि मधोमध फिरवायचं एक छोटं चाक, एवढाच माझा संसार. एका चष्मेवाल्याच्या कारखान्यात माझ्या काचा घासल्या गेल्या. लांबची वस्तू मी तिपटीने जवळ आणते. त्याहून जास्त माझ्याच्याने होत नाही.

मला एका नाट्यगृहाने विकत घेतलं. तिथे ऑपेरा होत असे. ऑपेरा म्हणजे असं नाटक, ज्यात पात्रं बोलत नाहीत, सगळं गाऊन सांगतात. दार उघड म्हणायचं असलं तरी गातात. तुम्हाला वाटेल, मी मोठमोठ्या गायिकांचे चेहरे न्याहाळले असतील. तसं काही नाही. मला शिवणखान्यात दिलं होतं. तिथल्या एक बाई रंगीत तालमीला शेवटच्या रांगेत बसायच्या आणि माझ्यातून काठ, बटणं, उसवलेल्या शिवणी शोधायच्या. बत्तीस वर्षं आम्ही दोघींनी हेच काम केलं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला त्यांच्या पिशवीत टाकलं.

पुढे बाईंची नजर गेली. त्या वृद्धाश्रमात राहायला आल्या आणि मी औषधांच्या कप्प्यात पडले. तिथे माझ्या चामड्याला बुरशी चढली. कोणी हात लावला नाही, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ज्यांना दिसत नाही, त्यांनी दुर्बीण काढायची तरी कशाला?

त्या आश्रमात परदेशातून कामाला आलेली एक नर्स होती. तिने बाईंना आपल्या भाषेतला 'आजी' हा शब्द शिकवला होता आणि त्याच नावाने ती त्यांना हाक मारायची. सुट्टीच्या दिवशीही ती कामावर यायची, कारण खोलीवर बसून करायचं काय, हा प्रश्न होता. रोज दुपारी ती आईला फोन करायची. "मजेत आहे गं. इथे खूप मैत्रिणी आहेत," असं सांगायची आणि फोन ठेवून बराच वेळ भिंतीकडे पाहत बसायची.

नाट्यगृह जुन्या कामगारांना वर्षातून एकदा दोन तिकिटं देत असे. त्या वर्षी दुपारच्या खेळाची आली.

"तू चल माझ्याबरोबर," आजी म्हणाल्या. "मी ऐकीन, तू बघ आणि मला सांग. ती दुर्बीण घे."

नर्सने माझ्या काचा पुसल्या आणि आजींची चाकाची खुर्ची ढकलत आम्ही निघालो. आमची जागा सगळ्यात मागे, भिंतीला लागून होती, म्हणून कुजबुजलं तरी कोणाला त्रास नव्हता.

पडदा वर गेला. आजींनी लगेच विचारलं, "राणीचा झगा कसा आहे? निळा ना? तो मी शिवलाय."

नर्सने मला डोळ्यांना लावलं. झगा राखाडी होता.

"निळाच आहे," ती म्हणाली.

"मग पाठीवरची बटणं मोज. चोवीस हवीत."

राणी वळली. पाठीला साधी चेन होती.

"पोरी, मोजतेयस ना?"

"आजी, झगा राखाडी आहे. नवा आहे. बटणं नाहीत, चेन आहे."

"मग निळा का म्हणालीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

आजींनी तिच्या दंडावरचा आपला हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "वाईट वाटलंच. पण ते माझं मी बघीन. तू मला खरं सांगायला आलीयस. आता बाकीचं सांग."

मग नर्स सांगत सुटली. राणीचा मुकुट कागदी वाटतो, राजाचं पोट सुटलंय, झाडाला चाकं आहेत. आजी तोंडावर रुमाल धरून हसल्या. मध्येच नर्स म्हणाली, "आणि दासीच्या झग्याची खालची दुमड उसवलीय. पायात येतेय."

आजी एकदम ताठ झाल्या. "दुसऱ्या अंकात तिला दिवा घेऊन जिना उतरायचाय. पडेल ती. मध्यंतर झालं की जाऊन सांग."

नर्स परक्या भाषेत अनोळखी माणसाशी बोलायला फार बिचकायची. तरीही ती रंगमंचामागच्या दारावरच्या माणसाकडे गेली आणि तिने उसवलेल्या दुमडीचं सांगितलं. तो म्हणाला, "ते आत बघतील. तुम्ही जागेवर बसा."

ती परत फिरली नाही. "शिवणखान्यातून आलेय म्हणून सांगा," ती म्हणाली. "मी इथेच थांबते."

त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं आणि तो आत गेला.

दुसऱ्या अंकात दासी दिवा घेऊन जिना उतरली. नर्सने चाक फिरवून मला नीट लावलं.

"शिवलंय, आजी."

"कसला टाका?"

"मोठा मोठा. पांढऱ्या दोऱ्याने, तपकिरी कापडावर."

"चालेल," आजी म्हणाल्या. "पडली नाही ना? मग चालेल."

शेवटी राणी एकटीच गायला उभी राहिली, तेव्हा नर्सने मला मांडीवर ठेवलं. मला फक्त छत दिसत होतं. दोघी नुसतं गाणं ऐकत होत्या.

आजींना आश्रमात पोचवून ती फाटकाजवळच्या बाकावर बसली. मी तिच्या कोटाच्या खिशातच राहिले होते. तिने आईला फोन लावला.

"आई, मी मजेत नाहीये. मला इथे कोणीच मैत्रीण नाही."

"माहीत होतं गं," आई म्हणाली. "तू कधी बोलतेस, याची वाट बघत होते. थांब, गॅस बंद करते. मग सगळं सांग."

ती तासभर बोलली. आधी रडत, मग राजाच्या पोटाचं सांगून हसत.

पुढच्या वर्षी आजींना उठवत नव्हतं. नर्स एकटीच गेली आणि परत येऊन पलंगाशी बसून तिने पहिल्या पडद्यापासून सगळं सांगितलं.

"आणि राणीचं गाणं?" आजींनी विचारलं.

"ते कसं सांगणार?"

"मग म्हणून दाखव."

नर्सला गाता येत नव्हतं. तरी ती हळू आवाजात, सूर चुकत, ते गाणं गुणगुणली. शेजारच्या पलंगावरच्या बाईने टीव्हीचा आवाज बंद केला.

आजी गेल्या आणि मी नर्सकडे आले. मित्रांनो, माझ्यासारखं काही घरात असेल, तर ते कप्प्यात कोंडू नका. काचेला बोटं लावू नका, मऊ सुती कापडाने पुसा. आणि आपल्या घरात कोणाला दिसेनासं झालं असेल, तर त्यांच्याजवळ बसा. मी फक्त तिपटीने जवळ आणते. सांगण्याचं काम तुमचं.