आवाज दादाचा, हात माझे

मी त्रेचाळीस वर्षांची आहे, माझं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे, आणि घरात सगळे मला अजून बेबी म्हणतात. एरवी मला त्याचं काही वाटत नाही. पण गेल्या वर्षी मी ग्लायडरसकट डोंगराच्या उतारावर आपटले, कमरेचं हाड मोडून घेतलं, आणि तेव्हापासून सगळे मला खरोखरच बेबी समजायला लागले. आई, नवरा आणि सासूबाई यांचं आयुष्यात कधी कशावर एकमत झालं नव्हतं, ते यावर मात्र दवाखान्यातच झालं. आता उडणं बंद. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

या सगळ्यांचा पुढारी म्हणजे दादा. माझा सख्खा मोठा भाऊ, आणि माझ्या दुर्दैवाने पॅराग्लायडिंगच्या शाळेचा मालक. मला उडायला त्यानेच शिकवलं. डोंगरावरच्या ज्या सपाटीवरून आम्ही सगळे उडी घेतो, तिथे त्याचाच शब्द चालतो. त्याने वारा बघून मान हलवली की निघायचं, नाही हलवली की गुपचूप ग्लायडर गुंडाळून खाली यायचं. वर्षभर त्याने माझ्याकडे बघून मान हलवली नाही. हाड जुळलं, काठी सुटली, मी दुकानातल्या शिडीवर चढून वरच्या कप्प्यातल्या फ्रेमा काढायला लागले, तरी त्याचं एकच पालुपद, अजून नाही.

शेवटी एका संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन बसले आणि 'अजून नाही' म्हणजे कधी ते कळल्याशिवाय उठणार नाही असं सांगितलं. वहिनीने दोनदा चहा केला, तिसऱ्यांदा विचारायचं सोडून दिलं. मग दादाने अट घातली. तळ्यावरचा कोर्स करायचा, फुल स्टॉलसकट. तो जमला तर डोंगर मोकळा, नाही जमला तर ग्लायडर विकायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

मी घाबरेन असा त्याचा हिशोब होता, आणि हिशोब अगदीच चुकीचा नव्हता. तळ्यावर शिकवतात ते असं, की हवेत ग्लायडर मिटलं तर ते पुन्हा कसं उघडायचं. त्यासाठी आधी ते मुद्दाम मिटवायचं. एक बाजू मिटवणं तसं सोपं. स्टॉल म्हणजे मात्र दोन्ही हातांनी ब्रेकच्या दोऱ्या पार खाली ओढायच्या आणि डोक्यावरचं अख्खं कापड आपल्याच हातांनी मारून टाकायचं. ते मागे कोसळतं, आपण पाठीवर पडत जातो, आणि मग त्या चिंध्यांचा पुन्हा पंख करायचा. हे सगळं पाण्यावर करायचं, कारण चुकलं तर भिजण्यावर निभावतं. अंगात लाइफ जॅकेट, कमरेशी राखीव हवाई छत्री, खाली बोट. मी विचारलं, कोर्स कधीपासून? दादाचं तोंड बघण्यासारखं झालं.

तळ्याच्या काठावर पत्र्याची एक लांब खोली आहे. आत राखीव छत्र्यांच्या घड्या घालायला मोठं टेबल, खिळ्यांना टांगलेली ओली लाइफ जॅकेटं, कोपऱ्यात एक टीव्ही. भिंतीवर दादाच्या हातचं एकच वाक्य रंगवलेलं आहे, 'आवाज सांगेल तेच, आवाज सांगेल तेव्हाच.' आवाज म्हणजे दादाचा. तो बोटीत मान वर करून बसतो, हातात रेडिओ, आणि वरच्या माणसाच्या कानात बोलतो. जो ऐकत नाही त्याला तो त्याच दिवशी घरी पाठवतो. यात तो सोयरंधायरं बघत नाही, असं सगळे म्हणत.

आम्ही चौघं होतो. एक बँकवाला, एक दातांची डॉक्टर, एक सारखा हसणारा सुतार आणि मी. पहिल्या दिवशी मी एक बाजू मिटवली, आणि कानात दादा सुरू झाला. हात वर, बेबी. वजन उजवीकडे. उजवीकडे. आता थोडा ब्रेक. थोडाच. बास, सोड. कापड फटकन उघडलं. दोनदा, तीनदा, दर वेळी तसंच. काठावर उतरले तेव्हा सुताराने टाळ्या वाजवल्या आणि मलाही वाटलं, आपण अगदीच काही हे नाही.

संध्याकाळी टीव्हीवर आमची बोटीतून काढलेली चित्रफीत लागली, रेडिओवरच्या आवाजासकट. ती बघता बघता माझं डोकं फिरलं. माझ्या दुकानात कधीकधी असं गिऱ्हाईक येतं, जे आधीच्या माणसाचं ऐकून तक्त्यावरची अक्षरं पाठ करून बसतं. भिंग लावायच्या आधीच शेवटची ओळ घडाघडा म्हणतं. त्याला काही दिसत नसतं. पडद्यावर माझं तसंच चाललं होतं. आधी दादाचा आवाज, मग माझे हात. एकदाही उलटं नाही. बँकवाल्याला त्याने चुकू दिलं होतं, चुकल्यावर झापलं होतं, सुताराला तर दोन गिरक्या खाईपर्यंत तो काही बोलला नव्हता. मला मात्र श्वास घ्यायलाही जागा सोडली नव्हती. ग्लायडर दादा चालवत होता, मी नुसती खाली लटकत होते.

मी हे सगळ्यांसमोर बोलले. दादा म्हणाला की प्रत्येक वेळी पंख उघडला, याहून आणखी काय पाहिजे. मी म्हटलं, मागच्या वर्षी मी आपटले तेव्हा तू कानात नव्हतास, पुढच्या वर्षीही नसशील. त्यावर त्याने भिंतीकडे बोट दाखवलं आणि टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी स्टॉल. जीपने वर गेलो, मी निघाले, तळ्याच्या मधोमध आले. पाणी खाली पत्र्यासारखं चमकत होतं आणि बोट त्यावर नखाएवढी दिसत होती. कानात दादा म्हणाला, ओढ. मी ओढलं. क्षणभर वारा थांबला, दोऱ्यांची शीळ थांबली, आणि मग कुणीतरी पाठीमागून खुर्ची काढून घ्यावी तसं झालं. कापड मागे गेलं. मी उताणी पडत होते आणि माझे पाय आकाशात होते. मी दोन्ही मुठी मांड्यांखाली दाबून धरल्या.

तेवढ्यात आवाज आला. "सोड. सोड, बेबी, सोड."

कापड मागे असताना सोडायचं नाही. हे दादा प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी, नाव विचारायच्या आधी सांगतो. तेव्हा सोडलं तर ते सगळा जोर घेऊन पुढे झेपावतं, आपल्याही खाली जातं, आणि आपण जाऊन त्याच्यातच पडतो. मग कापडात गुंडाळलेल्या त्या गाठोड्याचं कुठल्याही तळ्यात नुसतं भिजण्यावर निभावत नाही. हे ज्याने मला शिकवलं तोच आता सोड म्हणत होता. आणि त्याचा आवाज शिकवणाऱ्याचा नव्हताच. गेल्या वर्षी जो उतारावरून धावत माझ्यापर्यंत आला होता, त्या भावाचा होता.

मला त्याची दया आली असं सांगितलं तर शोभेल, पण आली नाही. मला संताप आला. इथेही, या उंचीवरही, यांना माझ्यासाठी घाबरायचंच आहे. "नाही," मी मोठ्याने म्हटलं, ऐकायला तिथे कुणी नसताना. तो पुन्हा सोड म्हणाला. मी हात सोडले नाहीत. कापड वर आलं, चुरगळलेलं, फडफडणारं, माझ्या खांद्यांना हिसके देणारं. मी हात हळूहळू अर्ध्यावर आणले, ते डोक्यावर थरथरत स्थिर झालं, मी ते डोळे भरून पाहिलं आणि मग सोडलं. ते पुढे झेपावलं, मी ब्रेक मारून पकडलं. दोऱ्यांची शीळ पुन्हा सुरू झाली. कान एकदम गप्प होता.

मी काठावर उतरले, आणि बोट टेकायच्या आधीच दादा बोलायला लागला होता. मी आवाज ऐकला नाही, नियम सगळ्यांना सारखा, माझा कोर्स संपला, मी सामान भरावं. बाकीचे तिघं पायातल्या बुटांकडे बघत उभे होते.

"कापड कुठे होतं, दादा?" मी विचारलं.

"आवाज सांगेल तेच, हे तिथे कशाला लिहिलंय?"

"कापड कुठे होतं?"

तो पाठ फिरवून खोलीत निघून गेला. त्याला माहीत होतं कुठे होतं. त्याच्या मानेवरूनच मला ते कळलं. पण चूक कबूल केली तर उद्या बँकवाला वर जाऊन कोणाच्या भरवशावर ओढणार होता? सगळी शाळा त्या आवाजावर उभी. हेही मला कळत होतं, आणि तरी मी सामान भरलं नाही. गुंडाळलेल्या ग्लायडरवर तिथेच काठावर बसून राहिले. मध्येच नवऱ्याचा फोन आला. बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. जमलं नाही म्हणे, असू दे, प्रयत्न केलास हेच खूप, असं तो मायेने म्हणाला. मी म्हटलं, जमलं, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सगळे खोलीत जमले तशी मीही जाऊन बसले. मला बाहेर काढायचं धाडस कुणी केलं नाही. सगळ्यांच्या चित्रफिती झाल्या, माझी राहिली. दादा टीव्ही बंद करायला उठला तेव्हा बँकवाल्याने, ज्याचा दोन दिवसांत कुणी आवाज ऐकला नव्हता, हळूच म्हटलं की ताईंचा स्टॉल बघायचा राहिला. रिमोट दादाच्याच हातात होता. आवाज बंद करून लावणं काही अवघड नव्हतं. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. त्याने आवाज वाढवला.

'सोड' ऐकू आलं तिथे त्याने चित्र थांबवलं. पडद्यावर मी उताणी होते आणि कापड पार मागे, पाण्याच्या बाजूला लोळत होतं.

"कापड मागे आहे," दादा म्हणाला. "इथे जो सोड म्हणतो तो गाढव असतो. हा गाढव मी आहे. हिने ऐकलं असतं तर..." आणि तो खोकत बाहेर गेला. खोकला खरा नव्हता.

दिवसभर मी हे ऐकायला टपून बसले होते. ऐकलं तेव्हा मलाच रडू आलं. त्याचाही मला रागच आला, कारण रडायची ती वेळ नव्हती आणि डॉक्टरीणबाई रुमाल पुढे करायला लागल्या होत्या.

सकाळी मी दादाला सांगितलं की स्टॉल मी पुन्हा करणार आहे. तो म्हणाला, झाला की तुझा, आता डोंगर मोकळा, आणखी काय पाहिजे? मी म्हटलं, काल मी तुझ्यावर चिडून केला, आज मला माझा करायचाय. रेडिओ चालू ठेवीन, पण तू बोलायचं नाहीस. राखीव छत्री फेकायची वेळ आली तरच बोल. त्याने खूप वेळ रेडिओची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली. मान हलवली की नाही ते मी पाहिलंच नाही. जीपमध्ये जाऊन बसले.

वर कान रिकामा असतो हे मी विसरूनच गेले होते. इतका रिकामा, की स्वतःच्या छातीचे ठोके हेल्मेटमध्ये ऐकू येतात. मला भीती वाटत होती, भरपूर, आणि आज ती विसरायला ज्याच्यावर चिडावं असंही कुणी नव्हतं. मी ओढलं. खुर्ची गेली, पाय आकाशात, मुठी मांड्यांखाली. कुणी काही म्हणालं नाही. कापड वर आलं, मी हात अर्ध्यावर आणले, सोडलं, पण डावा हात जरा आधी सुटला. पंख वाकडा झेपावला आणि उजवी बाजू मिटली. मागच्या वर्षी डोंगराजवळ मिटली होती ती हीच बाजू. मी डावीकडे झुकले, डावा ब्रेक थोडासाच धरला. कान अजून गप्पच होता. ग्लायडर थोडं वळलं, मग सरळ झालं, मग उजवी बाजू फटकन उघडली.

या भानगडीत उंची इतकी गेली की काठ काही गाठता आला नाही. मी सरळ तळ्यात उतरले, नाकातोंडात पाणी गेलं आणि लाइफ जॅकेटने मला बुचासारखं वर आणलं. बोटवाल्या मामांनी खांद्याच्या पट्ट्याला धरून मला बोटीत ओढून घेतलं. दादा दुसऱ्या टोकाला पाठमोरा बसून ओलं कापड वर खेचत होता. मी इतकी हसत होते की ठसका लागला.

मामा माझी पाठ थोपटता थोपटता हलक्या आवाजात म्हणाले, "सगळा वेळ बोलत होता तो. थांब, थांब, अजून नाही, आता सोड, डावीकडे झुक. एक सेकंद तोंड बंद नव्हतं. पण रेडिओ खाली ठेवून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून."

"बरोबर सांगत होता का?" मी विचारलं.

"बरोबरच. पण जरा उशिरा. तू आधीच करून मोकळी व्हायचीस."

मी दादाकडे पाहिलं. त्याने कापड पिळलं, पुन्हा पिळलं, वळून बघितलं नाही. मी त्याला सांगितलं की रविवारी मी डोंगरावर येतेय. विचारलं नाही, सांगितलं.

"वारा बघून ये," तो म्हणाला. हे तो सगळ्यांनाच सांगतो.