अक्षदाच्या कानांवरची वर्षे

मित्रांनो, डाव्या बाजूला काळी चिकटपट्टी गुंडाळलेला, वायर पिळवटून गेलेला हा हेडफोन पाहिलात ना? तोच मी. सध्या कर्जतला, भिसेगावातल्या एका कपाटाच्या खणात पडून असतो.

कारखान्यातले काही मला आठवत नाही. माझे आयुष्य सुरू झाले ते अक्षदाच्या कानांवर. कशेळ्याच्या शेतकरी घरातली ही मुलगी एका बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनीत लागली, तेव्हा गावात पेढे वाटले होते. मोठ्या रुग्णालयांतल्या औषधांच्या साठ्याची नोंद ठेवणारा प्रोग्राम तिची टीम बनवत होती. ती भिसेगावच्या या घरूनच काम करी. सोबतीला आई, जयवंता.

सुरुवातीला अक्षदा मला मऊ फडक्याने पुसायची. "किती स्वच्छ ऐकू येतं यातून!" म्हणायची. मी फुलून जायचो. मग बैठका वाढल्या. पन्नास-साठ माणसे जमत, तिच्या वाट्याला दोनच शब्द येत, "हो, ऐकतेय." स्क्रीनवरचा एक शब्द बदलायचा तरी चार साहेबांची परवानगी लागे. वरच्या साहेबांना तिचे नाव पाठ होईपर्यंत त्यांची बदली होई. जयवंता चहा आणून खुणेनेच विचारी, साखर पुरे? अक्षदा नुसती मान हलवी. एका घरात राहून मायलेकींचे बोलणे आटले.

एका दुपारी बैठकीत, तिची टीम सांभाळणाऱ्या वरदसाहेबांनी सगळ्यांना सांगितले, "आपल्या कंपनीने दुसरी एक कंपनी विकत घेतलीय. असाच प्रोग्राम त्यांच्याकडे तयार आहे. आपला बंद होतोय. नोकरी मात्र कुणाची जाणार नाही."

अक्षदाने मला टेबलावर ठेवले आणि ती हुंदके देऊ लागली. जयवंता धावत आली.

"काढली काय गं तुला?"

"नाही. पगार चालू आहे."

"मग रडतेस कशाला गं?"

"आई, इतकी वर्षं केलं ते सगळं वाया गेलं. एकाही दवाखान्यात पोचलं नाही."

जयवंता तिच्याजवळ टेकली. "म्हंजे पीक उभं हाय, पन कापाया कुनी येनार नाय. आसंच ना?" तिने लेकीचे डोके मांडीवर घेतले. "रड गं. आमी बी रडलो आसतो."

संध्याकाळी अक्षदाने वरदसाहेबांना फोन लावला. "सर, तुम्हाला कधी कळलं?"

"आज सकाळीच. माझीही इतकी वर्षं त्यातच गेली, अक्षदा."

पुढे तिने ती नोकरी सोडली. खालापूरच्या एका लहानशा कंपनीत ती लागली. पगार घटला, दगदग वाढली; आणि जुना झालो म्हणून मी खणात गेलो. पण एके दिवशी एका दवाखान्यातल्या परिचारिकेला आपण तिथे बनवलेला नवा प्रोग्राम वापरताना तिने पाहिले आणि घरी येऊन, चपला न काढताच, ती आईला सांगत सुटली. खणात पडल्या पडल्या मी ऐकत होतो. आता मला कुणी पुसत नाही. थोडे वाईट वाटते, नाही असे नाही.

मित्रांनो, आमच्या वायरी ओढू नका, आम्हाला धुळीत टाकू नका, एवढे मागणे आहेच. आणखी एक सांगतो. तुमच्या ताई-दादाच्या कानांवर माझा एखादा भाऊबंद दिसला, तर तो खाली उतरेपर्यंत थांबा. मग जवळ बसा आणि विचारा, "आज काय झालं?"