न चमकलेलं पाणी

डॉक्टरांना, म्हणजे औषधाच्या नव्हे, पीएचडीच्या डॉक्टरांना, माणसांची किळस होती. सगळे एकजात मठ्ठ! हुशार काय ते त्यांनी घडवलेले जिवाणू. पाण्यात पारा असला की निळ्या दिव्याखाली हिरवे चमकायचे, नसला की गप्प बसायचे.

थोरली बहीण बोअरच्या पाण्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेत आली, तेव्हा त्यांनी चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही.

"घरामागे कारखाना आल्यापासून पाण्याला वास येतोय रे. अख्खी गल्ली ओरडतेय. आणि आपल्या छोटीचे हात थरथरतात."

"गल्लीला काय कळतंय, डोंबल!"

"म्हणून तर तुझ्याकडे आले. तू सांगशील तेच पाणी पाजीन पोरीला."

डॉक्टरांनी उपकार केल्यासारखं पाणी जिवाणूंच्या नळीत घातलं. बऱ्याच वेळाने दिवा लावला. नळीत मिट्ट काळोख.

"बघ. ठणठणीत पाणी. कार्टी नाटकं करतेय, बाकी काही नाही."

शेजारच्या टेबलावरची सहकारी न राहवून म्हणाली, "सर, जिवाणू जिवंत आहेत का बघितलंत? पारा फार असला तर मरतात ते. मेलेले चमकणार कसे? शुद्ध पाणी मिसळून हे पातळ करून परत लावूया."

"बाई, हे जिवाणू माझे आहेत. तुम्ही तुमचं बघा."

ताई निश्चिंत मनाने घरी गेली.

सहकारीही काही कमी हट्टी नव्हती. आठवडाभराच्या सुट्टीवरून परतल्यावर तिने बाटलीत उरलेलं पाणी शंभरपट पातळ केलं, नव्या जिवाणूंत घातलं आणि नळी डॉक्टरांच्या नाकासमोर दिव्याखाली धरली. नळी हिरवीगार पेटली. जुन्या नळीतले जिवाणू तपासले, तर एकूण एक मेलेले. एवढं विष होतं त्या पाण्यात! आणि हे साधं बघायला यांना जड झालं होतं.

 डॉक्टरांनी घाईघाईने ताईला फोन लावला.

"ताई, ते पाणी..."

"अरे, त्या पाण्यावरून केवढं रामायण! छोटी तोंडच लावेना. म्हणे कडू लागतंय. शेजारीण बिचारी तिच्यासाठी बाहेरून पाणी आणायची, तिलाही मी दारातून हाकललं. म्हटलं, माझा भाऊ सांगतो ते खोटं का? शेवटी आज पोरीच्या दोन थोबाडीत दिल्या, नाक दाबलं आणि अख्खा पेला पाजला. हं, तू काय म्हणत होतास?"