ढकलणाऱ्याची गाडी

"बैस ना बा आत. कोन पाहून राह्यलं तुले?"

प्रेमदासनं ऑस्टिनचं मागचं दार उघडून धरलं होतं. कापसाची सरकी काढायच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनाच्या, मागच्या टिनाच्या शेडमध्ये उन्हाच्या पट्ट्यातून कापसाचे कण तरंगत होते. त्याच्या बापानं, नत्थूनं, दाराकडं पाहिलं, आतल्या उसवलेल्या चामडी गादीकडं पाहिलं आणि एक पाऊल मागं घेतलं.

"पाय धुळीनं भरले हायेत," तो म्हणाला. "मंग बसीन."

"मंग कवा? आता आपलीच होऊन राह्यली ना ते!"

"आपली झाली नाई अजून." हे जयवंता बोलली. प्रेमदासची बायको शेडच्या दाराशी स्टुलावर बसली होती, एक हात पोटावर ठेवून. आठवा महिना सरत आला होता. "बोरगावच्या मास्तरनं फियाट आपल्यासाठी उद्या संध्याकाळपर्यंत ठेवली हाय. मंग ते दुसऱ्याले देऊन टाकतीन."

प्रेमदासनं दार आपटून लावलं. कवडू मिस्त्री बॉनेटखाली वाकलेला होता, तो आणखी खाली वाकला. नवराबायकोच्या बोलण्यात मिस्त्रीनं मान वर काढू नये, एवढं त्याला कळत होतं.

प्रेमदास हिंगणघाटच्या एका बँकेत फील्ड ऑफिसर होता. त्यांच्या अख्ख्या वस्तीत कुणाच्या दारात चारचाकी आलेली नव्हती, आणि आता बँकेनं त्याला गाडीसाठी कर्ज मंजूर केलं होतं. गाडी एकच येणार होती. एक होती बोरगाव मेघेच्या निवृत्त बाबाराव मास्तरांची फियाट. मास्तरांनी तुळशीसारखी जपलेली, किल्ली फिरवली की बोलणारी. दुसरी ही काळी ऑस्टिन, एकोणपन्नास सालची. जिनाचे मालक सेठजी वारले आणि त्यांच्या पुतण्याला शेड रिकामी करून हवी होती. महिनाभर कवडू रोज सायंकाळी तिच्यावर खपला होता. कुठून कुठून सामान आणून त्यानं तिच्यात जीव घातला होता, आणि ती आता धुरकत, खोकत का होईना, चालत होती.

शहाण्या माणसानं कोणती घ्यावी हे सांगायला ज्योतिषी नको. पण प्रेमदासच्या डोक्यात गाडी नव्हतीच, बाप होता.

नत्थूनं आयुष्याची वीस वर्षं या गाडीला धक्का मारण्यात घालवली होती. जिनात तो हमाल म्हणून लागला होता, पण सकाळी पहिलं काम हेच. सेठजींचा कारभार चमडी जाये पर दमडी न जाये असा; बॅटरी मेली तरी ते बदलायचे नाहीत. "नत्थू है ना," म्हणायचे आणि आत बसून पेपर उघडायचे. नत्थू डिकीच्या डाव्या कडेला तळवे टेकवायचा आणि मालकासकट गाडी फाटकापर्यंत लोटायचा. त्या जागेवरचा रंग त्याच्या तळव्यांनी खाल्ला होता. रात्री त्याची बायको धुरपता त्याच्या खांद्याला तेल चोळायची. एकदा तेल चोळून घेता घेता तो तिला म्हणाला होता, "एकडाव आत बसून पाह्यलं पाह्यजे ना बा. आतून कशी वाटत असन?" बाजूच्या गोधडीत प्रेमदास जागा होता. पोरानं ते वाक्य जे गाठीला बांधलं, ते ऑफिसर झाला तरी सोडलं नाही.

"दसऱ्याले तुले याच्यात बसवून दीक्षाभूमीवर नेतो," तो आता बापाला म्हणाला. "छप्पन साली मालासारखा ट्रकात उभा राहून गेलता ना? आता याच गाडीत जाजो. मागच्या सीटवर, सेठजीच्या जाग्यावर."

खोटं कशाला सांगायचं, नत्थूला ते हवं होतं. फार हवं होतं. पण त्यानं सुनेकडं पाहिलं आणि म्हणाला, "फियाट घे प्रेमदास."

"तू माह्यासाठी बोलून राह्यला. तुह्या मनात काय हाय ते मले मालूम हाय."

"माह्या मनात फियाट हाय."

"खोटं काऊन बोलतं बा?" प्रेमदास हसला. बापाचं मन आपण वाचलंय याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता, आणि त्या आनंदापुढं कुणाचं काय चालणार!

जयवंता उठून उभी राहिली. "ठीक हाय. उद्या दुपारी मले याच्यात बसवा आन् सेवाग्रामच्या दवाखान्यापर्यंत नेऊन आना. वाटेत कुठी थांबली नाई तर मी हूं की चूं करनार नाई. थांबली तर तिथूनच बोरगावले जायचं, फियाट आनाले."

"कबूल," प्रेमदास म्हणाला.

कबूल तर झालं. पण त्या रात्री नत्थूच्या पोटात अन्न गेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट होती. जयवंताच्या पहिल्या वेळी कळा लवकर सुरू झाल्या. कुणाच्या तरी हातापाया पडून एक जुनी जीप मिळवली, आणि सेवाग्रामच्या वाटेवर एका नाल्याच्या चढावर ती बंद पडली. प्रेमदास मदत शोधायला धावला. नत्थू एकटा मागं उतरला आणि त्यानं तळवे टेकवले. आत सून गुरासारखी ओरडत होती. त्यानं जीव लावून जोर केला, गुडघे फुटेस्तोवर केला, पण चढ मोठा होता आणि त्याचं वय झालं होतं. माणसं आली, जीप निघाली, दवाखाना गाठला. पण पोर गेलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. कुणी नत्थूला बोल लावला नाही. त्यानं स्वतःच लावून घेतला. आयुष्यभर ज्या एका कामासाठी आपले हात होते, ते काम त्या एका दिवशी त्यांना जमलं नाही, असं त्याच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

आणि उद्याची त्याला भीती नव्हती, हीच तर अडचण होती. उद्या ऑस्टिन जाणार. कवडूचा हात चांगला होता. गाडी सेवाग्रामला जाऊन परत येणार, जयवंता शब्दाला जागणार आणि फियाट दुसऱ्याकडं जाणार. मग महिन्यानं, कळा सुरू झाल्या की, ही म्हातारी गाडी आपल्या स्वभावावर जाणार. तिचा स्वभाव नत्थूइतका कुणाला माहीत होता?

सकाळी भाजी आणतो म्हणून तो घरातून निघाला आणि जिनात गेला. चौकीदारानं रामराम केला. शेडमध्ये शिरून त्यानं बॉनेट उचललं. गाडीच्या आतलं त्याला काही कळत नव्हतं, एका वस्तूशिवाय. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं की खाली अंगठ्याएवढा काळा तुकडा असतो, रोटर. तो नसेल तर गाडी कुणाच्या बापाला सुरू करता येत नाही. चोरीच्या भीतीनं सेठजींचा ड्रायव्हर रोज संध्याकाळी तो काढून नत्थूच्या हाती द्यायचा, आणि नत्थू तो सेठजींच्या घराच्या मागच्या अंगणात घेऊन जायचा. तिथं सेठाणी पितळी वाटी जमिनीवर ठेवून दूर व्हायची. नत्थू उंचावरून रोटर वाटीत टाकायचा. मग सेठाणी त्यावर तांब्यातलं पाणी ओतायची, नत्थूचा हात लागला होता म्हणून. सकाळी ड्रायव्हर तो धोतराच्या सोग्याला पुसून बसवायचा, पण फटीत ओल राहायचीच, आणि ओल्या रोटरवर गाडी रुसायची. सेठजी बॅटरीला शिव्या द्यायचे आणि नत्थूला हाक मारायचे. विटाळ धुतला की गाडी बंद आणि गाडी बंद की त्याच विटाळाच्या हातांचा धक्का, हे चक्र वीस वर्षं चाललं. नत्थूला ते ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

त्यानं रोटर काढून बंडीच्या खिशात टाकला, टोपण बसवलं, बॉनेट लावलं.

शेडमध्ये कुणी नव्हतं. गाडीच्या मागच्या दाराला कुलूप नव्हतं. तो दारापाशी गेला, मुठीला हात लावला आणि तसाच उभा राहिला. कितीतरी वेळ उभा राहिला. मग त्यानं हात काढून घेतला. इतकी वर्षं वाट पाहून शेवटी चोरासारखं बसायचं, हे त्याला पटेना.

दुपारी सगळे जमले. जयवंता मागच्या सीटवर बसली, उशी पाठीशी घेऊन. प्रेमदासनं किल्ली फिरवली. गाडी घरघरली आणि थांबली. पुन्हा घरघरली, पुन्हा थांबली.

"कवडूभाऊ?"

"कालपर्यंत तं घोड्यावानी पळत होती," कवडू म्हणाला आणि बॉनेट उघडून वाकला. त्यानं इथं हात लावला, तिथं तार ओढून पाहिली. मग टोपणाच्या क्लिपा सोडल्या.

नत्थू त्याच्या शेजारीच उभा होता. टोपण वर आलं. खाली रोटरची जागा मोकळी होती. कवडूनं त्या जागेकडं पाहिलं आणि मग हळूच मान वळवून नत्थूकडं पाहिलं. नत्थूचा हात बंडीच्या खिशावर होता. त्यानं फक्त डोळे उचलून काचेपलीकडं पाहिलं, सून बसली होती तिकडं.

"काय झालं?" प्रेमदासनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सापडलं का काई?"

महिनाभराची मेहनत होती कवडूची. शिवाय प्रेमदासनं ही गाडी घेतली असती तर कवडूच्या पोटापाण्याची चांगलीच सोय झाली असती. दर महिन्याला काही ना काही निघालंच असतं. नत्थूच्या मानेवरून घाम ओघळत होता.

कवडूनं टोपण परत बसवलं. एक क्लिप, मग दुसरी.

"नाई होत भाऊ," तो हात पुसत म्हणाला. "आतून सडली हाय ते. मी आपला उगाच मेहनत करत होतो."

"काल तं चालत होती!"

"म्हाताऱ्या मानसाचं कसं असते? काल बोलत होतं, आज गेलं."

प्रेमदास उतरला तेव्हा त्याला बापाकडं बघवेना. "बा, माफ कर," एवढंच म्हणाला. नत्थूला वाटलं, खिशातली वस्तू आत्ता काढून पोराच्या हातावर ठेवावी. त्यानं खिशावरचा हात हलू दिला नाही.

संध्याकाळी फियाट आली.

महिन्यानं कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. जयवंताला मागं बसवलं, शेजारची मनकर्णाबाई तिच्याजवळ बसली. नत्थू काही न ठरवता गाडीच्या मागं गेला, पाय रोवले, तळवे डिकीवर टेकवले. प्रेमदासनं किल्ली फिरवली आणि फियाट पहिल्याच झटक्यात निघून गेली. नत्थूचे हात हवेतच राहिले. धूळ खाली बसेपर्यंत तो तसाच उभा होता, आणि मग एवढ्या मोठ्यानं रडला की शेजारची माणसं बाहेर आली. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जिनातून निरोप आला, ऑस्टिन भंगारात जात आहे. नत्थू पोचला तेव्हा फाटकापाशी ट्रक उभा होता, मागं दोन फळ्या लावलेल्या. तीन हमाल गाडीला लोटत होते, पण ती फळीच्या तोंडाशी अडून बसली होती.

"बाजूले व्हा, बाबा. लागन तुमाले," एक हमाल म्हणाला.

"तिले असं नाई लोटत," नत्थू म्हणाला.

तो डिकीच्या डाव्या कडेला गेला. रंग गेलेल्या त्या जागेवर त्यानं दोन्ही तळवे टेकवले. पत्रा उन्हानं तापलेला होता. त्यानं मान खाली घातली आणि अंगातला सगळा जोर लावला. चाकं हलली, फळ्या कुरकुरल्या, ऑस्टिन सरळ वर चढली. हमालांनी दोर आवळले आणि ट्रक निघून गेला.

मागून हॉर्न वाजला. प्रेमदास बापाला शोधत आला होता. मागच्या सीटवर जयवंता, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली पोर. प्रेमदासनं उतरून दार उघडलं आणि वळणावर दिसेनाशा होणाऱ्या ट्रककडं पाहिलं.

"बरं झालं बा, गेली ते. काई राह्यलंच नव्हतं तिच्यात."

नत्थूचा हात खिशात होता, मूठ मिटलेली.

"नव्हतं राह्यलं," तो म्हणाला, आणि पायाची धूळ झटकून आत बसला.